दाराबाहेर पांढरा अंधार

बर्फ म्हणजे मनाली आणि फोटो, एवढंच ठाऊक असलेल्या मुंबईच्या मुलीला हिमवादळाने एका खेड्यातल्या घरात दोन दिवस कोंडून ठेवलं. त्या दोन दिवसांची ही गोष्ट...

‘बर्फ’ म्हटलं की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे काय येतं? मनाली! भाड्याने घेतलेला कोट, गमबूट, एकमेकांच्या अंगावर फेकलेले गोळे आणि नंतर प्लेटभर मॅगी. माझंही तेच होतं. म्हणूनच 2022 च्या डिसेंबरात आई आणि मी ताईकडे अमेरिकेला निघालो, तेव्हा मी एका एडिटरला ऐटीत सांगून गेले होते, ‘व्हाइट ख्रिसमसवर झकास पीस देते.’

व्हाइट ख्रिसमस मिळाला. जरा जास्तच व्हाइट.

ताई-जिजू न्यूयॉर्क राज्यात राहतात. पण टाइम्स स्क्वेअर वगैरे विसरा. ते शहर तिथून सहा-सात तासांच्या ड्राइव्हवर. हे राज्याचं पश्चिम टोक. बफेलो शहराच्या दक्षिणेला, लेक एरीपासून काही मैलांवर असलेलं एक खेडं. लॉकडाऊननंतर जिजूंचं घरून काम कायमचं झालं, तेव्हा त्यांनी शहरातलं अपार्टमेंट सोडून इथे एक जुनं लाकडी घर घेतलं. खेडं म्हणजे पार, देऊळ, एसटी स्टँड असलं काही नाही हं. एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं, मध्येच एखादं घर. सर्वांत जवळचे शेजारी दोनशे मीटरवर. तिथे ऐंशी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. माझा सहा वर्षांचा भाचा त्यांना ‘पलीकडची आजी’ म्हणतो, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो.

तळं की कारखाना?

या भागात एवढा बर्फ का पडतो, ते जिजूंनी मला पहिल्याच दिवशी चहा पिता पिता समजावलं. लेक एरी म्हणजे आपल्या डोक्यातलं तळं नव्हे. जवळजवळ 390 किलोमीटर लांब! हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याचं पाणी गोठलेलं नसतं. त्यावरून कॅनडाकडची गार हवा वाहत आली, की ती पाण्यातली ऊब आणि वाफ शोषून घेते आणि पलीकडच्या काठावर बर्फ करून ओतते. याला म्हणतात ‘लेक इफेक्ट’. वारा तळ्याच्या लांबीच्या दिशेने वाहिला, तर मग विचारूच नका. आम्ही पोहोचायच्या महिनाभर आधीच, नोव्हेंबरात, जवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये सुमारे 80 इंच बर्फ पडला होता. म्हणजे साडेसहा फूट! फुटबॉलची मॅच उचलून डेट्रॉइटला न्यावी लागली होती.

‘पण नुसता बर्फ म्हणजे ब्लिझर्ड नाही,’ जिजू म्हणाले. तिथल्या हवामान खात्याची व्याख्या पक्की आहे. ताशी 35 मैल किंवा जास्त वेगाचा वारा, पाव मैलाच्या आतलंच दिसणं, आणि हे सलग तीन तास. गंमत म्हणजे व्याख्येत बर्फ किती पडला पाहिजे, हे नाहीच. जमिनीवरचा बर्फ वाऱ्याने उडाला तरी पुरे. 1977 च्या जानेवारीत बफेलोला तेच झालं होतं. तळं गोठलेलं, त्यावर साचलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलला आणि शहरावर आणून टाकला. त्यात 29 माणसं गेली.

मी हे सगळं नोटपॅडमध्ये टिपून घेतलं. ‘पीस’साठी!

आईची आगोट

गुरुवारी, 22 डिसेंबरला, फोनवर इशारे वाजायला लागले. ताईने बाथटब पाण्याने भरायला घेतला. मला कळेना, हिला आता अंघोळ सुचतेय? तर खेड्यात पाणी येतं घरच्या विहिरीतून, विजेच्या पंपाने. वीज गेली की पाणी गेलं. घर गरम ठेवणारा फर्नेस गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा विजेवर. म्हणजे वीज गेली की ऊबही गेली. उरतो फक्त हॉलमधला लाकडाचा स्टोव्ह.

या सगळ्यात एकच व्यक्ती निवांत होती. आई! तिचं बालपण कोकणात गेलेलं. ‘अगं, ही तर आगोट,’ म्हणाली. पावसाळ्याआधी कोकणात घराघरांत चार महिन्यांची बेगमी होते ना, तीच. लाकूडफाटा कोरडा आत आणायचा, पिठं-डाळी भरायच्या, सुकं-खारं बांधून ठेवायचं. मेमध्ये करायचं ते ही मंडळी डिसेंबरात करतात, एवढाच फरक. तिने जिजूंना कामाला लावलं आणि शेडमधली लाकडं दाराच्या आत रचून घेतली. बॅगेतून मेतकूट, कोकम आणि थालीपिठाची भाजणी बाहेर काढली. मी मेणबत्त्यांचे फोटो काढत होते.

शुक्रवारी पहाटे बाहेर चक्क पाऊस होता. आपल्याकडच्या थंडीतल्या पहाटेइतपत गारवा. मला वाटलं, झालं, अमेरिकेचं हवामान खातंही आपल्यासारखंच! आणि मग वारा फिरला. अक्षरशः तासाभरात पावसाचा बर्फ झाला, पारा शून्याखाली घसरला आणि संध्याकाळपर्यंत उणे दहाच्याही खाली गेला. साडेनऊला काउंटीने रस्त्यावर गाड्या आणायला बंदी केली. तोपर्यंत बरेच लोक कामावर पोहोचले होते.

खिडकीबाहेर आधी शेत गेलं. मग रस्ता गेला. मग अंगणातलं मेपलचं झाड गेलं, दहा पावलांवरचं. शेवटी पायरीवरचा दिवाही गेला. काळोख आपल्याला सवयीचा असतो, लोडशेडिंगच्या गोष्टी आपण ऐकत आलोय. पण हा अंधार पांढरा होता. आणि आवाज! घराच्या कौलांवरून कुणीतरी सलग ट्रक चालवतंय असा. संध्याकाळी सहाला वीज गेली.

‘निघालास तर दार उघडणार नाही’

सव्वासहाला पलीकडच्या आजींचा फोन आला. त्यांची जुनी लँडलाइन विजेशिवायही चालते. त्यांच्याकडेही वीज नव्हती. फायरप्लेस पेटवली होती, पण घरात आणलेली लाकडं थोडीच होती. बाकीची मागच्या शेडमध्ये.

जिजूंनी तिथल्या तिथे बूट घातले. ‘दोनशे मीटर तर आहे, लाकडं देऊन येतो.’

दोनशे मीटर! दादर स्टेशनच्या पुलावरून आपण रोज याहून जास्त चालतो. मीही म्हटलं, मी येते सोबत. जिजूंनी दार उघडलं आणि हात पुढे केला. मनगटापुढचा हात मला दिसत नव्हता. मी खोटं सांगत नाही.

ताईने दार लावलं. म्हणाली, ‘नाही.’ मग तिने फोन त्यांच्या हातात दिला. आजी शांतपणे जिजूंना जे म्हणाल्या ते स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तू निघालास तर मी दार उघडणार नाही. 1977 मला आठवतंय. माणसं बर्फात हरवत नाहीत, घर आणि शेडच्या मध्ये हरवतात.

नंतर मी वाचलं. अमेरिकेच्या मध्यभागातल्या प्रेअरीवर 12 जानेवारी 1888 ला असंच वादळ आलं होतं. दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यातली कितीतरी शाळेतून घरी निघालेली मुलं. म्हणून तिकडचे शेतकरी घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधत, तो धरून गुरांना चारा घालून परत येत. आमच्याकडे दोनशे मीटरचा दोर नव्हता.

मग ठरलं की दर दोन तासांनी फोन करायचा. आजींनी स्वयंपाकघर सोडून बाकी घर बंद केलं, दारांवर ब्लँकेटं टांगली. आम्हीही हॉलमध्ये तेच केलं. आईने स्टोव्हवर मुगाची खिचडी टाकली. आठचा फोन झाला, दहाचा झाला. बाराच्या फोनवर आईने स्वतःच्या इंग्लिशमध्ये विचारलं, ‘यू ओके? आय ॲम आल्सो ओके.’ दोघी हसल्या. दोनचा फोन झाला.

चारला कुणी उचलला नाही.

परत लावला. नुसती रिंग. ताई स्टोव्हपाशी, फोन कानाला. जिजू जिन्याच्या पायरीवर, पायात बूट, हातात टॉर्च, नजर दाराकडे. कुणी काहीच बोलत नव्हतं. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की काही न करणं हे किती कष्टाचं काम आहे. आपण डेडलाइनवाली माणसं. प्रॉब्लेम आला की धावतो, कॉल करतो, कॅब बोलावतो, काहीतरी ‘ॲक्शन’ घेतो. इथे सगळ्यांत शहाणी ॲक्शन एकच होती, दाराच्या आत बसून राहणं. आणि ती चुकीची ठरली तर जन्मभर टोचणारही होती.

पाचला दहा मिनिटं असताना आजींनी फोन उचलला. झोप लागली होती, फोन भिंतीवर, आणि उठायला गुडघे तयार नव्हते. लाकडं संपत आलीयेत, म्हणाल्या, आता खुर्च्या जाळीन, दिसायला नाही तरी वाईटच आहेत. जिजूंनी बूट काढले आणि तोंड धुवायला निघून गेले. बराच वेळ आले नाहीत.

शनिवारचा सगळा दिवस आणि अर्धी रात्र वादळ तसंच होतं. बफेलोच्या विमानतळावर सलग 37 तास ब्लिझर्डची नोंद झाली, चार-पाच दिवसांत 50 इंचांहून जास्त बर्फ पडला. रविवारी, ख्रिसमसच्या सकाळी, वारा मंदावला. जिजू फावडं घेऊन निघाले, मागून मी, माझ्या पोटाशी खिचडीचा डबा. दोनशे मीटरला पाऊण तास लागला. आजींचं पुढचं दार मुठीपर्यंत गाडलेलं, मागच्या बाजूला मात्र वाऱ्याने जमीन झाडून गवत दिसत होतं. त्या मागच्या दारात उभ्या होत्या. खुर्च्या चारांपैकी दोन उरल्या होत्या.

गोष्ट कुणाची?

वीज आली तेव्हा बातम्या कळल्या. त्या वादळात बफेलो आणि परिसरात चाळीसहून जास्त माणसं गेली. काही गाड्यांमध्ये, काही रस्त्यावर, काही ऊब नसलेल्या घरांत. रुग्णवाहिका आणि बंबसुद्धा अडकून पडले होते. म्हणजे घरात बसून राहिलो म्हणून वाचलो, असंही ठामपणे म्हणता येत नाही. आमच्याकडे लाकडं होती, एवढंच.

आणि मला 26 जुलै आठवला. 2005 साली सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबा अंधेरीच्या ऑफिसातून छातीएवढ्या पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी सकाळी कांदिवलीला पोहोचले. ती आमच्या घरातली सर्वांत मोठी शौर्यकथा. प्रत्येक पाहुण्याला ऐकवलेली. कुठे पाण्यात दोर धरला, कुणी बिस्किटं दिली, कुठे बंद गाडीच्या काचेवर कुणी हात मारत होतं... मला पाठ आहे. मुंबईत प्रत्येक घरात अशी एक चालण्याची गोष्ट आहे.

पण त्या रात्री घरात बसून राहिलेल्यांची गोष्ट? ती मी कधी विचारलीच नव्हती.

परतीच्या विमानात आईला विचारलं, ‘त्या रात्री तू काय केलंस गं?’

‘काय करणार? फोन बंद, लाइट नाही. तुम्हा दोघींना झोपवलं.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘गॅसवर अंघोळीचं पाणी ठेवलं. येतील ते भिजून येतील ना. गार झालं की पुन्हा तापवायचे. चार वेळा तापवलं.’

एडिटरला हवा होता व्हाइट ख्रिसमस. मी हे पाठवलं.

थंडीत बर्फाळ देशात जाताय?

* इशारा आला की त्याच दिवशी पाणी, औषधं, टॉर्च, पॉवर बँक तयार ठेवा. वादळ सुरू झाल्यावर नाही.
* घर विहिरीच्या पाण्यावर असेल तर बाथटब, बादल्या, पातेली सगळं भरून ठेवा.
* नळ बारीक धारेने सुरू ठेवला तर पाइप गोठून फुटण्याची शक्यता कमी होते.
* जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.
* गाडीत अडकलात तर गाडी सोडून चालू लागू नका. इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा, आणि ते थोडा थोडा वेळच चालवा.
* शेजारच्या एकट्या माणसाचा नंबर आधीच लिहून घ्या. आणि फोनची वेळ ठरवा.