चकवाऱ्याचे तूप आणि पेणचा माचा

चळवळीतल्या एका ज्येष्ठ बंधूंनी आम्हाला सुनावले, "चवदार तळ्याच्या पाण्यासाठी मार खाल्लेल्यांची नातवंडे तुम्ही, आणि दोनशे रुपयांचे जपानी आईस्क्रीम खात फिरता?" राग मानला नाही. पण उत्तर देणे भाग आहे, कारण हा आक्षेप त्यांचा एकट्याचा नाही. आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या पोराने चार पैसे चवीवर खर्च केले की हा टोमणा ठरलेलाच असतो.

मित्रहो, बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना नोंदवली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने भाऊबंदांना जेवण घातले. पंगत बसलेली असतानाच लाठ्या घेतलेला जमाव चालून आला, अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना झोडपले. गुन्हा काय? पदार्थांत तूप होते. तूप स्वतःच्या पैशाने घेतलेले होते, चोरीचे नव्हते. पण तूप ही वरच्यांच्या मानाची खूण, ती खालच्याने परवडत असूनही वापरायची नाही. भाकरी मागणाऱ्याची त्या गावाला दया तरी आली असती. म्हणून आम्ही म्हणतो, गरजेपुरते खाण्याच्या हक्काइतकाच गरज नसलेले, निव्वळ जिभेला आवडते म्हणून खाण्याचा हक्कही लढ्याचाच भाग आहे. संविधानाचे कलम १५(२) उघडून पाहा. आधी दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले येतात, नंतर विहिरी आणि तलाव.

आता आमच्या खादाडीविषयी. पेणला बैठक होती. ती संपल्यावर आम्ही पाच जण, त्यात दोघी मुली, एका नव्या कॅफेत शिरलो. मेनूकार्डावर 'एशियन डेझर्ट्स' असा वेगळा रकाना होता. कुल्फी आणि फालुदा मात्र 'इंडियन'मध्ये. जणू भारत आशियात नाही आणि फालुदा इराणातून आलेला नाही! असो. आम्ही माचा आईस्क्रीम, मोची आणि बबल टी मागवला.

मोची म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे मऊ आवरण, आत आईस्क्रीम. आमच्यातली एक म्हणाली, "हा तर जपानचा मोदक." दिसायला खराच. पण उकडीच्या मोदकाला सोवळे आहे, नैवेद्याचे ताट आहे, तो कोणी वळायचा आणि कोणी उंबऱ्याबाहेर थांबायचे याचा शेकडो वर्षांचा हिशेब आहे. मोचीला आमच्याविषयी काही आठवत नाही. ती खाताना आजीने सांगितलेली, वरून ओंजळीत टाकलेल्या प्रसादाची गोष्ट घशाशी आली नाही. आम्हाला वाटते, आपल्या पोरांना ही परकी चव जवळची वाटते त्याचे एक कारण हे असावे.

पण भाबडेपणा नको. जपानलाही आपले अस्पृश्य आहेत. कातडे कमावणाऱ्या, जनावरे कापणाऱ्या बुराकू समाजाचा हीन दर्जा १८७१ च्या फर्मानाने कागदावर रद्द झाला, व्यवहारात नाही. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत त्यांनी 'सुइहेइशा' ही संघटना उभारली, महाडच्या पाच वर्षे आधी. मोची इथे आली तेव्हा तिची जात तिकडेच राहिली, इतकेच.

माचाचे तसेच. बाराव्या शतकाच्या अखेरीस एइसाई हा भिक्खू चीनहून जपानला परतला, त्याने तिथे चहाचा प्रसार केला. ध्यानात झोप येऊ नये म्हणून भिक्खू ती भुकटी घुसळून पीत. हे ऐकून एक साथी लगेच "बौद्ध आईस्क्रीम!" म्हणाला. एवढ्याने आईस्क्रीम बौद्ध होत नाही, बाबा. आणि तैवानच्या बबल टीमधले ते काळे मोती? टॅपिओकाचे. म्हणजे आपला उपवासाचा साबुदाणाच.

बिल देताना मालकांनी गोड आवाजात विचारले, "गाव कुठले? आडनाव काय म्हणालात?" आम्ही म्हणालोच नव्हतो. भिंतीवर 'शुद्ध शाकाहारी, एगलेस' अशी पाटी होती. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण 'शुद्ध' या शब्दाच्या पलीकडे कोण उभे केले जाते ते आम्हाला शिकवायला नको. मागे मोरीपाशी आदिवासी वाडीवरची एक ताई कप धुत होती. माचा चाखला का, असे विचारल्यावर म्हणाली, "डब्याच्या तळाचा चाखलाय. गवतासारखा लागतो." आमच्यातल्या तिघांचे मत तेच होते, फक्त पैसे दिल्यामुळे बोलवत नव्हते.

१९५५ च्या कायद्याने उपाहारगृहातली भांडी वापरू न देणे गुन्हा ठरवले. कप आता वेगळे नाहीत. मात्र गल्ल्यावर कोण आणि मोरीवर कोण, यावर कायदा काही बोलत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू रोह्यात भेटली. आपल्याच समाजातला एक तरुण तिथे थाई पद्धतीचे तवा आईस्क्रीम विकतो. गोठवलेल्या तव्यावर दूध ओतायचे, दोन उलथन्यांनी फळ कुटायचे, पातळ थर पसरून त्याच्या गुंडाळ्या सोलून काढायच्या. त्याचा हात बघत राहावा असा आहे, आणि चिकूचे आईस्क्रीम त्या माचाहून शंभर पटीने सरस. गाडी कर्जावर घेतलेली. धाटावच्या कारखान्यांतून सुटणारे कामगार आणि कॉलेजची मुले हे गिऱ्हाईक.

महाडला मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. ज्यांना कुठे घोटभर पाणी मिळत नव्हते, त्यांच्यासाठी त्या बाजारात आपल्या माणसांनी चहाचे दुकान काढल्याची आठवण कॉ. आर. बी. मोरे यांनी सांगितली आहे. त्या दुकानाला आपली ओळख लपवायचे कारण नव्हते. या पोराच्या गाडीवर सगळ्या जाती येतात, हात चाटत खातात. गाडीवर बाबासाहेबांचा फोटो मात्र नाही. विचारले तर म्हणाला, "मे महिन्याचा धंदा होऊ द्या, मग लावतो."

परतीच्या गाडीत यावर आमचे कडाक्याचे भांडण झाले. दोघे म्हणाले, फोटो आजच लागला पाहिजे, नाहीतर हे स्वातंत्र्य कसले. एक मुलगी म्हणाली, गिऱ्हाईक तुटले तर त्याचा हप्ता तुम्ही भरणार का? पेण आले तरी एकमत झाले नव्हते. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा रोह्याला जाणार आहोत, वस्तीतल्या वीसेक जणांना घेऊन.