कामाची अडत

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे दोन गाळे आहेत. एक आजोबांनी घेतलेला, दुसरा अण्णांनी. दोन्हींत हळदीची अडत चालते. गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपून मंडळी पांगल्यावर दादाने मला बाजूला बोलावले आणि अण्णांचा गाळा विकण्याबाबत माझे मत विचारले. पुतण्या संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला अमेरिकेत पुढील शिक्षणासाठी पाठवायचे तर एवढी रक्कम दुसरीकडून उभी राहण्यासारखी नव्हती. घरात संगणकाचा व्यवसाय जाणणारा मी एकटाच, म्हणून निर्णयाचा भार माझ्यावर आला. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे मनात आले तेच येथे लिहीत आहे; आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज हाच प्रश्न बैठकीत येत असेल.

मी नोकरीत शिरलो तेव्हा आमच्या घराण्यात नोकरी हा शब्द जरा खालच्या आवाजातच उच्चारला जाई. अण्णांनी विरोध केला नाही, पण आनंदही दाखवला नाही. पुण्यातील एका कंपनीने घेतले, आणि २००५ च्या जून महिन्यात मला अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड या गावी सहा आठवड्यांसाठी पाठवले. हार्टफर्ड हे जुन्या विमा कंपन्यांचे गाव. तिथल्या एका विमा कंपनीचे काम आमच्याकडे येणार होते. ज्या गृहस्थांकडे ते काम होते, त्यांच्याजवळ बसून ते शिकून घ्यायचे आणि पुण्याला घेऊन यायचे, एवढी माझी कामगिरी. आमच्या धंद्यात याला ‘नॉलेज ट्रान्सफर’ म्हणतात, आणि रोजच्या बोलण्यात नुसते ‘केटी’. नाव फार निरुपद्रवी आहे.

ते गृहस्थ चोपन्न वर्षांचे होते. बावीस वर्षे त्याच कंपनीत, बहुतेक काळ त्याच मेनफ्रेमवर, कोबोल भाषेतील त्याच कार्यक्रमांवर. विम्याचा हप्ता चुकला तर काय, वारस बदलला तर काय, सवलतीचे दिवस संपले तर काय, हे सारे त्या कार्यक्रमांत होते आणि त्याहून जास्त त्यांच्या डोक्यात होते. ऑगस्टअखेर त्यांची नोकरी संपणार होती. मला नीट शिकवून पूर्ण केल्याची सही त्यांच्या वरिष्ठाने केली, तरच सेवासमाप्तीची पूर्ण रक्कम त्यांना मिळणार होती. ही अट त्यांनीच मला तिसऱ्या दिवशी सांगितली, स्वर जराही न चढवता. वर म्हणाले, तेव्हा तू लक्ष देऊन शीक.

मी शिकलो. इतके मनापासून कोणी शिकवलेले मला कॉलेजातही आठवत नाही. त्यांच्याकडे पेन्सिलीने भरलेली एक वही होती. कोणता कार्यक्रम रात्री कशामुळे अडतो, वर्षअखेरीस कोणती फाइल आधी पाहायची, अशा खाचाखोचा त्यात टिपलेल्या. आमच्या पेढीवरच्या जुन्या दिवाणजींची वही मला आठवली. तीही दुसऱ्याला उलगडत नसे.

जुलै संपत आला असताना मुंबईच्या महापुराची बातमी तिकडच्या दूरदर्शनवर आली. पाठोपाठ कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. घरचा फोन लागेना. दोन दिवस मी कामात चुका करीत होतो. त्या गृहस्थांनी कारण विचारले. सांगितल्यावर आपल्या टेबलावरचा फोन माझ्यासमोर सरकवला आणि लागेपर्यंत लावत राहा म्हणून स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. शेवटी दादाचा आवाज आला. माणसे सुखरूप होती, पण हरिपूरच्या पेवांत पाणी गेले होते. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहते, यावर आमच्या तीन पिढ्यांचा व्यवहार उभा होता. आमच्या विश्वासावर ठेवलेला मालही त्यात होता. परत आलेल्या गृहस्थांनी पहिला प्रश्न केला तो घरच्यांचा, दुसरा मालाचा. ज्या माणसाची भाकरी मी उचलून नेण्यास आलो होतो, त्याने माझ्या घरच्या हळदीची चौकशी केली. त्या दिवसापासून आउटसोर्सिंग या शब्दाची चर्चा मला केवळ आकड्यांत करता येत नाही.

आकडे मात्र पाहिलेच पाहिजेत. आपण व्यापारी माणसे आहोत. परतल्यावर अण्णांनी सरळ विचारले, “तुझ्या कामाचे ते लोक तुझ्या कंपनीला देतात किती, आणि त्यातले तुला किती मिळतात?” माझ्या तासाचे बावीस डॉलर लावले जात. महिन्याचे एकशे साठ तास धरले, तर त्या वेळच्या साडेत्रेचाळीसच्या भावाने दीड लाखाच्या वर रक्कम होई. मला हातात पस्तीस हजार मिळत. अण्णांनी क्षणभर हिशेब केला आणि म्हणाले, “शेकडा पाऊणशे अडत कापणारा अडत्या मी यार्डात पाहिला नाही.” मी इमारत, यंत्रे, विक्रीचे कार्यालय, काम नसलेल्या मुलांचा पगार, सारे खर्च सांगितले. “खर्च सगळ्यांनाच असतो,” ते म्हणाले. पण लगेच पुढचा प्रश्नही त्यांनीच केला. एवढे देऊनही त्या विमा कंपनीला परवडते ना? परवडत होते. त्या अमेरिकन गृहस्थांवर होणाऱ्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी.

म्हणजे तिघांचा फायदा आणि एकाचा तोटा. अर्थशास्त्री याला व्यापार म्हणतात, आणि तसे म्हणण्यात त्यांची चूक नाही. २००४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख ग्रेगरी मॅन्क्यू यांनी आउटसोर्सिंग हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचाच एक नवा प्रकार असून दूरच्या काळात तो देशाच्या हिताचा ठरेल, अशा आशयाचे मत मांडले आणि निवडणुकीच्या वर्षात त्यांच्यावर दोन्ही पक्षांकडून टीकेची झोड उठली. मला त्यांचे मत आजही पटते. प्रश्न एवढाच की, ‘दूरचा काळ’ येईपर्यंत चोपन्न वर्षांच्या माणसाने काय करायचे? परदेशी स्पर्धेमुळे काम गेलेल्यांना साहाय्य देणारा कायदा अमेरिकेत १९६२ पासून होता. पण तो वस्तू बनवणाऱ्यांसाठी होता. सेवाक्षेत्रातील कामगारांना त्यात जागा मिळाली ती २००९ मध्ये. कापड विणणारा त्यात बसत होता, विम्याचा कार्यक्रम लिहिणारा बसत नव्हता. माल कोणता आणि सेवा कोणती, हा वाद आपल्याकडे जीएसटीच्या विवरणपत्रात येतो. तिकडे तो माणसाच्या पोटाशी आला.

आपल्या बाजूचा लाभ मी लहान करून सांगणार नाही. हा धंदा आपल्याकडे आला तोच मुळी एका व्यापारी दृष्टीच्या माणसामुळे. नरेंद्र पटणी हे एमआयटीत शिकलेले अभियंता. अमेरिकेतील कागदपत्रे भारतात आणून इथे त्यांची संगणकासाठी नोंद करून घ्यावी आणि ती परत पाठवावी, हा उद्योग त्यांनी सत्तरच्या दशकात आरंभला. तो जमेल की नाही हे पाहण्यासाठी पति-पत्नींनी राहत्या घराच्या एका खोलीला अमेरिका आणि दुसरीला भारत ठरवले, आणि परस्परांशी न बोलता केवळ लेखी सूचनांवर काम करून पाहिले, अशी हकीकत सांगितली जाते. पुढे त्यांच्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस स्थापन केली. आज या क्षेत्रात देशभरात सुमारे ५८ लाख लोक काम करतात. अडतीला भांडवल लागते आणि त्याहून जास्त बाजारातील पत लागते, जी मिळवायला एक पिढी जाते. या धंद्यात मिरजेच्या शिक्षकाचा किंवा तासगावच्या द्राक्ष-मजुराचा मुलगा केवळ पदवीच्या बळावर आत आला. माझ्या शेजारच्या टेबलावर अशीच मुले होती. त्यांच्या घरांवर स्लॅब पडलेले मी पाहिले आहेत.

किंमतही मोजली. हार्टफर्डचा दिवस सुरू होई तेव्हा पुण्यात संध्याकाळ असे. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरातला मी, रात्री अकराला कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसू लागलो. आईला ते कळले तेव्हा ती रागावली नाही. पुण्यात आली की साडेपाचला डबा भरून हातात देई आणि गाडीतच जेव म्हणे. मुलीच्या शाळेच्या एकाही संमेलनाला मी वेळेवर पोहोचलो नाही. पगाराच्या पावतीत यासाठी रकाना नसतो.

अठरा वर्षे ते काम माझ्याकडे राहिले. २०२३ मध्ये त्या विमा कंपनीने भारतात स्वतःचेच केंद्र काढण्याचे ठरवले, हैदराबादेत. अशी परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रे २०२४ मध्ये देशात १,७०० च्या घरात होती. आपल्या भाषेत सांगायचे तर गिरणीने गावातच आपले खरेदी केंद्र उघडले, अडत्याची गरज उरली नाही. काम देशातच राहिले, म्हणून याला कोणी आउटसोर्सिंगचा तोटा म्हणणार नाही. वर्तमानपत्रांत तर ती प्रगतीचीच बातमी होती. मला सहा आठवड्यांची केटी देण्यास सांगण्यात आले. समोर बसलेली मुलगी सव्वीस वर्षांची, हुशार, नम्र. पहिले दोन दिवस मी तिच्याशी तुटकपणे वागलो, हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या दिवशी तिला मी ती पेन्सिलीची वही दिली, जी मला हार्टफर्डहून निघताना मिळाली होती. तिने ती फोनवर छायाचित्रे काढून परत केली.

नंतर आठ महिने मी घरी होतो. पंचेचाळिसाव्या वर्षी, गृहकर्जाचे हप्ते चालू असताना. ते आठ महिने ज्याच्या जोरावर निघाले, ते अण्णांच्या गाळ्याचे भाडे. दादाने ते माझ्या खात्यात वळते केले आणि त्याविषयी एक शब्दही काढला नाही. आता एका लहान कंपनीत कमी पगारावर काम करतो आहे. रात्रीचे जागरण नाही.

दादाने विचारलेल्या प्रश्नाकडे मी या वाटेने आलो. दरम्यान तिकडची हवाही बदलली आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. आधीच तिथे शिकत असलेल्यांना ते लागू नाही असा खुलासा नंतर झाला, तरी मधल्या काळात दादाची झोप उडायची ती उडालीच. त्याच महिन्यात परदेशी काम देणाऱ्या कंपन्यांवर पंचवीस टक्के कर बसवण्याचे विधेयक तिथल्या सिनेटमध्ये मांडले गेले. हार्टफर्डच्या त्या टेबलाचा राग वीस वर्षांनी कायद्याच्या भाषेत बोलू लागला आहे, असे मला वाटते. तो राग मला अन्यायाचा वाटत नाही. उपाय मात्र चुकीचा वाटतो. काम स्वस्त आणि चांगले होते तिकडे ते जाणारच. ते कोणाकडे कायमचे राहात नाही, हे मात्र पगाराच्या पहिल्या दिवशीच मुलाला सांगितले पाहिजे.

आठव्या दिवशी मी दादाला फोन केला. गाळा विकू नये, असे माझे मत दिले. मुलाने आधी दोन वर्षे इथेच नोकरी करावी, एखाद्या उद्योगाचा आतला व्यवहार शिकावा, तो विम्याचा असो वा हळदीचा, आणि मग जायचे असेल तर शैक्षणिक कर्ज स्वतःच्या नावावर काढून जावे; गाळ्याचे भाडे हप्त्याला हातभार लावील. दादा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने फोन मुलाकडे दिला.

पुतण्याने सारे ऐकून घेतले होते. रागावलेला असावा, पण तसे दाखवले नाही. त्याने एवढेच विचारले, “काका, त्या अमेरिकेतल्या गृहस्थांचं पुढे काय झालं?”

दोन वर्षे त्यांची नाताळची पत्रे येत होती. एका शाळेच्या कार्यालयात संगणकांची देखभाल करतो, पगार निम्मा आहे, असे पहिल्या पत्रात होते. दुसऱ्यात पुराच्या नंतर पेवे पुन्हा भरली का, असे विचारले होते. त्या पत्राला मी उत्तर लिहिले नाही. त्या महिन्यात कामाची फार गर्दी होती.

पुतण्याला मी हे सांगितले. नवी हळद यार्डात आली की दादा शेवटचे ठरवणार आहे.