आक्काची पाच मुलं



वंशावळीचं काम कुठवर आलं, असं भाचरं फोनवर सारखी विचारतात. त्यांच्यासाठी, आणि पायथनशी झटापट करणाऱ्या ब्लॉगवरच्या दोस्तांसाठी हे लिहिते आहे.

आपल्या घराण्याची सगळी माहिती आता एका एक्सएमएल फाइलीत आहे. हा माहिती लिहिण्याचा प्रकार 1998 साली ठरला. त्यात खुणांची नावं देवनागरीतही चालतात, म्हणून मी सरळ 'कुटुंब' आणि 'अपत्य' अशाच खुणा ठेवल्या. ती वाचायला भाच्याने एक्सएमएल-टू-डिक्ट नावाची लायब्ररी सुचवली. एका ओळीत सगळी फाइल वाचून हातात देते. पण देते ती तिच्या मनाप्रमाणे!

घरात दोन मुलं असतील तर यादी मिळते. एकच असेल तर यादी नाही, नुसतं नाव. मुलंच नसतील तर 'नन', म्हणजे काहीच नाही. शिवाय जन्मसाल खुणेतच लिहिलं असेल, तर नावाऐवजी छोटा कोश मिळतो आणि नाव त्याच्या एका कप्प्यात जाऊन बसतं. घराणं एकच, पण चार घरांचे चार आकार.

यात लायब्ररीला फार बोल लावता येत नाही. समोर एकच 'अपत्य' दिसलं तर शेजारच्या घरात तीन असू शकतात हे तिला कुठून कळणार? नुसत्या 'दगड' या शब्दावरून एक की अनेक हे आपल्यालाही सांगता येत नाही. 'पडला' की 'पडले' हे ऐकावं लागतं. (आदरार्थी बहुवचनाचं तर नावच नको. एकटे गुरुजी आले तरी 'आले'च!)

गंमत झाली ती आक्काच्या नोंदीत. चुलत आजोबांची ती एकुलती एक, आणि फाइलीत तिचं नाव 'आक्का' असंच आहे. 'प्रत्येक अपत्य छाप' म्हटल्यावर यादी नसल्यामुळे पायथनने नावाचेच तुकडे केले. आ, क, हलन्ताची खूण, पुन्हा क, आणि शेवटी काना. चुलत आजोबांना एकदम पाच मुलं झाली. आक्का असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. गंभीर गोष्ट ही, की संगणकाने चूक म्हणून कुठेही हाक दिली नाही. कागदावर नजर फिरवली म्हणून दिसलं.

यावर उपाय सोपा आहे. त्या लायब्ररीत 'फोर्स-लिस्ट' नावाची सोय आहे. तिथे 'अपत्य' लिहिलं की एक असलं तरी यादीच मिळते. पर्लच्या एक्सएमएल-सिंपलमध्येही 'फोर्स-ॲरे' असायचं, पण नवीन कामाला मला वापरू नका असं त्याच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. एवढा प्रामाणिकपणा माणसांतही कमीच. पायथनमध्ये 2006 पासून मुळातच असलेलं एलिमेंट-ट्री मला जास्त आवडलं. त्यातलं 'फाइंड-ऑल' नेहमी यादीच देतं, एकाची, दहांची किंवा रिकामी.

खरा प्रश्न रिकाम्या घराचा होता. मधल्या काका-काकूंना मूल नव्हतं. 'फोर्स-लिस्ट' तिथे उपयोगी पडत नाही, कारण यादी करायला खूणच नाही. कार्यक्रम तिथेच अडला. भाचा म्हणाला, "मावशी, रिकामं असेल तर गाळून पुढे जा. एका ओळीचं काम आहे." काम एका ओळीचंच होतं, पण त्या ओळीने काका-काकूच छापील तक्त्यातून गेले असते. आम्ही पाच भावंडं त्या काकूंच्या हातचं जेवून वाढलो.

मी ती ओळ घातली नाही. आता रिकामी यादी आली तरी घर छापलं जातं आणि खालची जागा कोरी राहते. शिवाय 'मूल नाही' आणि 'माहिती मिळाली नाही' हे दोन्ही वेगळे ठेवलेत. माहिती नसेल तिथे प्रश्नचिन्ह येतं. कोकणातल्या शाखेत अशी अकरा प्रश्नचिन्हं आहेत, आणि जवळजवळ सगळी लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या पुढे.

तेव्हा ज्यांच्याकडे त्या आत्या-आज्यांची सासरची नावं किंवा मुलांची माहिती असेल त्यांनी कळवा. जन्मसाल नसलं तरी चालेल, तो कप्पाही आता सांभाळला आहे. छपाई दिवाळीनंतर.