व्हॉल्व्ह तापेपर्यंत

आमच्या घरचा रेडिओ लावल्या लावल्या बोलत नसे. खटका फिरवला की आधी डायलमागचा दिवा लागे, मग बारीक घूं ऐकू येई आणि अर्ध्या मिनिटाने निवेदकाचा आवाज लांबून चालत आल्यासारखा वर येई. स्टेशन नीट लागलं की ‘मॅजिक आय’च्या हिरव्या उजेडातली काळी फट मिटायची. तोवर बाबा कुणाला बटणाला हात लावू देत नसत. मागच्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यातून डोकावलं की काचेच्या नळ्यांत, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये, तांबूस निखारे दिसत, तापलेल्या धुळीचा वास येई. ‘आपली आवड’ सुरू झालं की आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येई.

मग ट्रान्झिस्टर आला. दाबलं की गाणं, सेलवर चालणारा, शेतावरही नेता येणारा. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये अडीचशे व्होल्ट खेळत; दुरुस्तीवाले काका एक हात खिशात ठेवून काम करत. ती भीतीही गेली. पण पहिल्याच रात्री आई म्हणाली, “हा कोरडा बोलतो रे.”

त्या ‘कोरडा’ शब्दाचा अर्थ मला पुढे स्वतः अॅम्प्लिफायर जोडायला लागल्यावर कळला. ईएल-८४सारखा एकटा पॉवर व्हॉल्व्ह हळू आवाजात मूळ स्वरात मुख्यतः दुसरा हार्मोनिक मिसळतो, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. षड्जाला तार षड्ज. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला ही भर दोष वाटतच नाही, स्वर भरलेला वाटतो. पूर्ण आवाजाला एकूण विकृती दहा टक्क्यांपर्यंत जाते, तरी ती बोचत नाही, कारण व्हॉल्व्ह लहरीचा माथा दाबतो तो गोलाईने. ट्रान्झिस्टर झेपेल तोवर स्वच्छ, मग माथा सपाट कापतो. शिवाय जुन्या ट्रान्झिस्टर सेटांत दोन ट्रान्झिस्टर लहरीचा अर्धा-अर्धा भाग वाटून घेत. एकाने सोडून दुसऱ्याने धरताना मध्ये बारीक खाच पडे, आणि ती नेमकी हळू आवाजात जाणवे. अर्थात कोरडेपणाचा मोठा वाटा त्या प्लास्टिकच्या डबीतल्या तीन इंची स्पीकरचाही होता. आमच्या जुन्या सेटला हातभर लाकडी पेटी होती, आठ इंची कागदी स्पीकर होता.

आजच्या चांगल्या ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरमध्ये ती खाच राहिलेली नाही. विकृती टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत उतरते, स्पीकरवर पकड घट्ट असते. थिरकवाँसाहेबांचा डग्गा ऐकायचा तर मी ट्रान्झिस्टरच लावीन. व्हॉल्व्हवर डग्ग्याचा घुमारा सैल पडतो. पण रात्री हळू आवाजात किशोरीताईंचा भूप ऐकायचा असेल, तर मी अर्धं मिनिट थांबतो.

तुमच्या माळ्यावर असा सेट असेल तर भंगारात देऊ नका, आणि हौसेने थेट प्लगही लावू नका. आतले जुने कंडेन्सर गळके झालेले असतात, ते ट्रान्सफॉर्मर जाळतात. जाणकाराकडून आधी ते बदलून घ्या. व्हॉल्व्ह बहुधा शाबूत निघतात.