आढे आणि जोते

तरुण खेळाडूंची क्रमवारी लावणे हा आमचा जुना छंद. दर वर्षी रणजी हंगामाच्या तोंडावर बोईसरमध्ये आमच्यासह आठ जण तेविशीच्या आतल्या क्रिकेटपटूंची यादी घेऊन बसतात. पाच जण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे, दोन शिक्षक आणि एक औषधविक्रेता. प्रत्येकाने आळीपाळीने पाच नावे उचलायची, त्यांच्या धावा आणि बळी तीन वर्षे वहीत मांडत जायचे. वर्षातून एकदा एखादे नाव टाकून उरलेल्यांतले दुसरे घेता येते. टाकलेले मात्र परत मिळत नाही. तिसऱ्या वर्षाअखेर ज्याची बेरीज सर्वांत लहान, त्याने बाकीच्यांना केळव्याला जेवण द्यायचे. पैसे लावायचे नाहीत हा नियम पहिल्या दिवसापासूनचा आहे. तो नीतीपेक्षा घरच्या मंडळींच्या धाकाने पाळला गेला, हेही नमूद करावयास हवे.

या खेळाचे मूळ बेसबॉलमध्ये आहे. डॅनियल ओक्रेंट या लेखकाने १९८० साली न्यूयॉर्कमधील मित्रांना जमवून त्याचे नियम बसवले आणि ज्या उपाहारगृहात ही मंडळी भेटत, त्याच्या नावावरून खेळाला 'रोटिसरी' म्हणू लागले. आपल्याकडे २००८ साली मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम इलेव्हनने तो घरोघरी नेला, आणि ऑगस्ट २०२५ मधील केंद्राच्या कायद्याने पैसे लावून तो खेळणे बंद झाले. त्या बंद झालेल्या खेळाविषयी आम्हाला फारसे दुःख नाही. एका सामन्यापुरता संघ निवडण्यात उद्याचा विचार नसतो, म्हणून कोवळ्या खेळाडूला तेथे वेगळे मोलही नसते. आमच्या वहीत उद्यावाचून दुसरे काही नाही.

टोरांटोत राहणारा आमचा भाचा हाच डाव बर्फावरील हॉकीचा मांडतो. आघाडीच्या तरुण खेळाडूंची क्रमवारी लावताना त्याला पडणारा पेच आमच्यासारखाच आहे. ज्याच्याकडून फार मोठी आशा आहे पण भरवसा नाही तो वर, की जो कधी डोळे दिपवणार नाही पण कधी तोंडघशीही पाडणार नाही तो वर? त्याच्या मित्रमंडळात यासाठी इंग्रजी शब्द आहेत. आम्ही आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या घरांतले शब्द वापरतो. आढे म्हणजे छपराची सर्वांत उंच तुळई, आणि जोते म्हणजे ज्यावर घर उभे राहते तो चौथरा, जो पावसाळ्यात अंगणातले पाणी आत येऊ देत नाही. एखाद्या मुलाचे आढे किती उंच जाईल आणि जोते किती पक्के आहे, या दोन अंदाजांतून त्याचा क्रमांक ठरतो.

भाच्याचे आवडते उदाहरण नेल याकुपोव्हचे. २०१२ साली नॅशनल हॉकी लीगच्या निवडीत एडमंटनने त्याचे नाव सर्वांत आधी घेतले. ३५० सामन्यांत १३६ गुण करून तो काही वर्षांतच त्या लीगमधून बाहेर पडला; त्याच निवडीत अकराव्या क्रमांकावर घेतला गेलेला फिलिप फोर्सबर्ग पुढे नॅशव्हिलच्या संघाचा आधारस्तंभ झाला. यावरून भाचा म्हणतो, जोते पाहा. आम्हाला यातून तेवढेच काही सिद्ध होते असे वाटत नाही, कारण फोर्सबर्गचेही आढे उंचच होते. शहाणपण नंतर सांगता येते, हा या उदाहरणाचा खरा दोष.

आमचे मत हिशेबातून आले आहे. आठ जणांची पाच-पाच नावे म्हणजे चाळीस नावे. एक्केचाळिसावे नाव कोणाचे? डावाला तीस-पस्तीस धावा नेमाने करणाऱ्या एखाद्या सज्जन फलंदाजाचे. तो कोणालाही, केव्हाही, फुकट मिळतो. मग विसाव्या क्रमांकावर डावाला अडतीस धावा करणारा भरवशाचा मुलगा घेतला, तर त्याच्या भरवशाची किंमत किती? अवघ्या पाच-सात धावा. उलट तेथेच एखादा बेभरवशाचा पण झंझावाती मुलगा घेतला आणि तो फसला, तर आपले नुकसानही तेवढेच; त्याला टाकायचे आणि एक्केचाळिसावा उचलायचा. सुरक्षिततेचे मोल स्वतंत्र नसते, बाहेर फुकट काय मिळते त्यावर ते ठरते. हीच मांडणी सोळा जणांत, आठ-आठ नावांची केली, तर यादी सव्वाशेच्या पुढे जाते, बाहेर उरतो तो क्वचितच अकरांत येणारा मुलगा, आणि मग तोच अडतीस धावांचा सज्जन सोन्याच्या भावाने जातो. भाच्याचा गट असा मोठा आहे. म्हणून तो त्याच्या जागी बरोबर आणि आम्ही आमच्या. फोनवर आम्ही हे एकमेकांना कधी कबूल केलेले नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाह येथे आयपीएलचा मोठा लिलाव झाला. त्यात राजस्थानने बिहारच्या तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीसाठी १ कोटी १० लाख रुपये मोजले. त्याच लिलावात पालघर जिल्ह्यातील दोन कसोटीपटूंना कोणीही घेतले नाही. एक विरारचा पृथ्वी शॉ, दुसरा पालघरजवळच्या माहीमचा शार्दुल ठाकूर.

पृथ्वीइतके उंच आढे आम्ही आमच्या वहीत दुसरे पाहिलेले नाही. २०१३ साली हॅरिस ढालीच्या सामन्यात ५४६ धावा, २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघाचे कर्णधारपद, त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. डिसेंबर २०२० च्या अ‍ॅडलेड कसोटीनंतर तो कसोटी खेळला नाही. मात्र जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध रणजीत ३७९, आणि मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये चंडीगडविरुद्ध २२२. म्हणजे आढे कोसळले असेही म्हणता येत नाही. त्याच्याविषयी वर्तमानपत्रांतून जे उपदेश छापून आले, त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाही.

शार्दुलची कथा अधिक उद्बोधक आहे, कारण त्यात क्रमवारीच्या शास्त्राची अब्रू जाते. २०१२-१३ च्या पहिल्या रणजी हंगामात त्याने चार सामन्यांत चार बळी घेतले, सरासरी ८२. एकविसाव्या वर्षी ना आढे, ना जोते! असे नाव आमच्या आठांपैकी कोणाच्याही चाळिसांत बसले नसते. पुढच्या हंगामात सहा सामन्यांत २७ बळी, त्यापुढच्यात ४८. त्यानंतर ब्रिस्बेनला २०२१ च्या जानेवारीत ६७ धावा आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ ची भागी. त्याच वर्षी ओव्हलला दोन्ही डावांत अर्धशतके. २०२२ च्या आरंभी जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी.

हे कोठून आले? बोईसरकरांना या प्रश्नात रस असण्याचे कारण असे की हा मुलगा येथल्याच तारापूर विद्यामंदिराकडून खेळत असे. २००६ साली बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्धच्या सामन्यात त्याला दिनेश लाड यांनी पाहिले. रोहित शर्माचे प्रशिक्षक ते हेच. मुलगा आमच्या शाळेत पाठवा, असे त्यांनी घरच्यांना सांगितले. अडचण उघड होती. पालघर चर्चगेटपासून नव्वदेक किलोमीटर. डहाणूपर्यंत लोकल गाडी आली ती २०१३ साली, तोवर शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दारात लटकणे. तेव्हा लाडांनी त्याला बोरिवलीत स्वतःच्या घरी ठेवून घेतले. पुढे त्याच शाळेकडून खेळताना त्याने एका षटकात सहा षटकार मारले. लोक सांगतात ती सहा षटकारांची गोष्ट. आम्हाला त्याआधीची, परक्याच्या मुलासाठी घरात अंथरूण घालण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. लाडांनी त्या मुलाचे आढे चढवले नाही. त्याला जोते बांधून दिले. आशा आणि सुरक्षितता यांना आम्ही यादीत दोन रकान्यांत समोरासमोर बसवतो, जणू एक वाढली की दुसरी घटलीच पाहिजे. येथे दुसरी मिळाली म्हणून पहिली उगवली. (२०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून हाच खेळाडू अंधेरीहून लोकलने पालघरला घरी गेला होता. डब्यातल्या लोकांना आधी खरेच वाटेना.)

आमच्या हिशेबातली मोठी फट येथे दिसते. यादी करणाऱ्यापाशी पाच नावे असतात. एक फसले की सहावे उचलायचे. मुलापाशी एकच नाव असते, स्वतःचे. त्याला स्वतःला टाकून दुसरा कोणी घेता येत नाही. आमच्या गावात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. वसाहतीतल्या कारखान्यांच्या दारावर 'आज अपघाताविना इतके दिवस' असा फलक असतो, मात्र आत ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेल्या माणसाला आपल्या जागेवर उद्या दुसरा उभा राहील हे पक्के ठाऊक असते. आमच्या वहीत एक्केचाळिसावे नाव असते तसा फाटकाबाहेर एक माणूस नेहमी उभा असतो. 'सुरक्षित नोकरी' हे बापाचे स्वप्न असले तरी ते जोतेही आता फार उंच राहिलेले नाही.

यंदाच्या यादीविषयी दोन शब्द. सूर्यवंशी पहिला, कारण चौदाव्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, पस्तीस चेंडूंत शतक करणाऱ्याला दुसरा क्रमांक देण्याइतके आम्ही सावध नाही. दुसरा विरारचा आयुष म्हात्रे. त्याला २०२५ च्या हंगामात चेन्नईने जायबंदी ऋतुराज गायकवाडच्या जागी आयत्या वेळी बोलावले आणि त्याने बेंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ केल्या. औषधविक्रेत्याचे म्हणणे, यात जिल्ह्याचे प्रेम आहे. आहेच.

यादीची बातमी शेजारीपाजारी पोहोचलेली असते. आमच्या चाळीतले एक गृहस्थ ठेकेदाराकडे कामाला आहेत. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा डावखुरी फिरकी टाकतो आणि चेंडू खरोखरच वळवतो. बोरिवलीच्या एका प्रशिक्षकाने त्याला बोलावले आहे. गृहस्थांनी आम्हाला विचारले, "भाऊ, तुमच्या वहीत याचा नंबर कितवा लागेल?" आम्ही आकडा सांगितला नाही. सरावानंतर रात्री तो कोठे जेवणार आणि कोठे झोपणार, ते विचारले. नालासोपाऱ्याला त्याची आत्या असते, असे समजले. मग दोघांनी वहीच्या मागच्या पानावर मांडले: शाळा बोईसरलाच, शनिवारी दुपारची गाडी, मुक्काम आत्याकडे, रविवारी सकाळी बोरिवली, रात्री परत; महिन्याचा पास आणि आत्याला तांदूळ. आत्याच्या घरी स्वतःची दोन मुले आहेत आणि खोली एकच. एप्रिलपर्यंत असे चालवायचे आणि पुढचे परीक्षेनंतर पाहायचे, असे ठरले आहे.