क्रॉफर्ड मार्केटातली इवलीशी बाटली

नाशिकहून मुंबईच्या खरेदीला जायचे तर सकाळची पंचवटी गाठावी. डबा आदल्या रात्रीच भरून ठेवावा. अकराच्या आत तुम्ही बोरीबंदरला उतरता (नवे नाव तोंडात बसले तरी आमच्या घरी अजून बोरीबंदरच) आणि संध्याकाळच्या गाडीला हातात सहा-सात तास उरतात. भाचीचे लग्न तीन आठवड्यांवर आले होते, म्हणून थोरल्या वन्सं आणि मी अशा दोघीच निघालो होतो.

स्टेशनातून बाहेर पडून जे. जे. कलाशाळेच्या बाजूने चालत गेले की दहा मिनिटांत क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा दिसतो. आता ती महात्मा जोतिबा फुले मंडई. इमारत 1869 सालची. दारावरच्या कमानींत शेतकऱ्यांची कोरीव चित्रे आहेत, ती जॉन लॉकवुड किपलिंग यांनी केलेली. पुढच्या वेळी पिशव्या क्षणभर खाली ठेवून मान वर करा. मी इतक्या वेळा गेले, पण ती पाहिली ती यंदाच. आत शिरताच हापूसच्या पेट्यांतल्या पेंढ्याचा वास, पुढे सुका मेवा, आणि मग पावडरी, अत्तरे, लिपस्टिका यांची दुकाने. रुखवताचे सामान, बांगड्या, टिकल्या झाल्या आणि आम्ही तिथेच अडकलो.

दुकानातल्या पोऱ्याने वन्संच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि करंगळीएवढी बाटली पुढे केली. "आंटी, पेप्टाइड सीरम. पंधरा दिन में झुर्रियाँ गायब. बिलकुल बोटॉक्स जैसा." किंमत बाराशे.

हसून पुढे गेलो असतो, पण वन्सं थांबल्या. अठ्ठेचाळीस वय, वीस वर्षे द्राक्षाच्या बागेत उन्हात उभ्या. हळूच म्हणाल्या, "अगं, साखरपुड्याच्या फोटोत मी नवरीची आजी दिसतेय." पर्समधले बाराशे त्यांचे स्वतःचे होते, शिवणाचे. घरखर्चाला धक्का नव्हता, मग मी का आडवी येणार? पण आमच्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या बाईंशी याच विषयावर नुकत्याच गप्पा झाल्या होत्या. त्या आठवल्या.

प्रथिन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ, आणि पेप्टाइड म्हणजे तिचा चार-दोन मण्यांचा तुकडा. आपली कातडी ताठ ठेवणारे प्रथिन ते कोलॅजन. वयाने, आणि त्याहून उन्हाने, ते झिजते. 1973 साली लॉरेन पिकार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसाच्या रक्तात तीन मण्यांचा एक तुकडा ओळखला. तो तांब्याला धरून ठेवतो. तांब्याचे पेप्टाइड म्हणून विकतात ते हेच. पुढे 1993 मध्ये कोलॅजनचाच पाच मण्यांचा तुकडा सापडला. तो दिसला की पेशींना वाटते, माळ तुटली, नवी ओवायला घ्या. मात्र कातडीचा वरचा थर तेलकट, त्यातून हा तुकडा सहज आत जात नाही. म्हणून त्याला पाम तेलात असते तसले एक मेदाम्ल जोडतात.

गुण येतो का? 2005 साली छापून आलेला एक प्रयोग आहे. 35 ते 55 वयाच्या 93 स्त्रियांनी बारा आठवडे अर्ध्या चेहऱ्याला पेप्टाइडचे क्रीम आणि उरलेल्या अर्ध्याला तेच क्रीम पेप्टाइडशिवाय लावले. पेप्टाइडच्या बाजूच्या बारीक रेषा थोड्या जास्त कमी झाल्या. प्रयोग क्रीमवाल्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांचा होता, हेही लक्षात ठेवायचे. म्हणजे निव्वळ थाप नव्हे, पण फरक बारीक आणि तोही तीन महिन्यांनी. लग्न तीन आठवड्यांवर! "बोटॉक्स जैसा" म्हणाल तर त्या इंजेक्शनची सुई थेट स्नायूत जाते. वरून लावलेल्या थेंबांना तिथवर पोचायचेच अवघड.

हे सगळे मी गर्दीत, दोन्ही हातांत पिशव्या धरून वन्संच्या कानात सांगितले. त्यांना ते पटले असे काही दिसले नाही. मग बाटली उलटी केली. परदेशी लिपी, वर चिकटवलेली किंमत. आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता नाही, नोंदणी क्रमांक नाही, आणि मुदतीच्या तारखेवर दुसरी चिठ्ठी. तुम्हीही हे बघितल्याशिवाय चेहऱ्याची बाहेरची वस्तू घेऊ नका. वन्संनी बाटली परत ठेवली. पोऱ्या "आठसौ, आंटी, छहसौ" करीत दाराबाहेरपर्यंत आला, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली.

त्या पैशांत एक मोठी छत्री घेतली. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावी 903 जणांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला होता. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी बाकीच्यांपेक्षा 24 टक्के कमी वयस्क झाली. मग सनस्क्रीनही घेतले, नाशिकला आमच्या नेहमीच्या केमिस्टकडून. (ट्रेटिनॉइनचा पुरावा पेप्टाइडपेक्षा भक्कम आहे, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, आणि दिवस गेलेले असताना मुळीच नाही.)

परतीच्या गाडीत वन्सं गप्प होत्या. कसारा गेल्यावर म्हणाल्या, "ते अर्ध्या चेहऱ्याचं परत सांग बरं."

लग्न पार पडले. फोटोत वन्सं नवरीच्या आईच दिसताहेत. त्यानंतर त्यांनी केमिस्टकडून पाच मण्यांच्या पेप्टाइडची, नीट छापील चिठ्ठीची बाटली आणली आणि रोज रात्री चेहऱ्याच्या डाव्या बाजूलाच लावतात. सनस्क्रीन मात्र दोन्हीकडे. आज सहा आठवडे झाले. रविवारी आम्ही खिडकीशी उजेडात बसून पाहतो. मला अजून तरी काही दिसत नाही. वन्संना फरक अगदी स्पष्ट दिसतो, फक्त बाटली कोणत्या बाजूची ते दरवेळी मला विचारावे लागते.