मित्राचे गाव

जेरुसलेमहून दक्षिणेकडे निघाले की सुमारे ३० किलोमीटरवर हेब्रोन लागते. हे नाव नकाशातले. तिथल्या अरबांच्या तोंडी गावाचे नाव 'अल्-खलील'. खलील म्हणजे मित्र. कुणाचा मित्र? तर साक्षात परमेश्वराचा! ही पदवी इब्राहिमाची. बायबलातला अब्राहाम तो हाच; आणि पानिपतावर आपल्या बाजूने लढलेला इब्राहिमखान गारदी त्याचेच नाव लावीत होता.

पत्नी सारा वारली तेव्हा अब्राहामाने चारशे शेकेल चांदी मोजून इथली मखपेलाची गुहा विकत घेतली, असे बायबल सांगते. त्या जागेभोवती राजा हेरोदाच्या काळातला, दोन हजार वर्षांचा चिरेबंदी तट आहे. आत मशीद. अब्राहाम-सारा, इसहाक-रिबका, याकोब-लेआ अशा तीन जोडप्यांच्या समाध्या. मूळ कबरी खाली गुहेत आहेत असे मानतात.

इसहाकाच्या समाधीवरचा जरीचा गलेफ पाहत असताना मी दुभाष्यामार्फत तिथल्या एका वृद्ध सेवकाला विचारले, "बाबा, हे तर यहुद्यांचे पूर्वज ना?"

म्हातारा हसला. म्हणाला, "त्यांचे पूर्वज खरेच. आमचे पैगंबर."

त्या दोन शब्दांत सारे आले. नोहा तो नूह, मोशे तो मूसा, दावीद तो दाऊद, येशू तो ईसा. मुसलमानाच्या लेखी ही परक्यांकडून उसनी घेतलेली नावे नव्हेत. एकाच ईश्वराचा निरोप घेऊन आलेली ही माणसे. मुहंमद पैगंबर त्यांतले शेवटचे. त्यांतल्या एकालाही नाकारून मुसलमान राहता येत नाही. नाव घेतले की 'त्यांना शांती असो' असे म्हणायचे. रोजच्या नमाजातही इब्राहिम आणि त्याच्या कुळाचे स्मरण होते.

कथा मात्र थोड्या बदलतात. बायबलातला नोहा द्राक्षारस पिऊन झिंगतो, दावीद परस्त्रीच्या मोहात पडतो. इस्लामी परंपरेला हे मान्य नाही. पैगंबर अशा पातकांपासून राखलेले असतात. बायबलात अब्राहाम बळी द्यायला नेतो तो इसहाकाला. कुराणात मुलाचे नाव नाही. बहुतेक मुसलमान तो इस्माईल मानतात. आपल्याकडच्या बकरी ईदेचे मूळ तेच. आणि कुराण म्हणते, इब्राहिम यहुदी नव्हता, ख्रिस्तीही नव्हता. तो एकेश्वराला शरण गेलेला होता.

भांडण आहे ते इथेच. परक्या बापासाठी कोण भांडतो? १९२९ साली या गावात ६७ यहुदी मारले गेले. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजानात, पहाटेच्या नमाजाला वाकलेल्या २९ मुसलमानांना एका यहुदी वसाहतवाल्याने गोळ्या घातल्या. त्यानंतर वास्तूची वाटणी झाली. अब्राहामाची समाधी मधोमध. दोन्हीकडच्या खिडक्यांतून भाविक तिचे दर्शन घेतात, एकमेकांचे नाही.

मशिदीजवळ इब्राहिमाच्या नावाचे अन्नछत्र आहे. १०४७ साली आलेल्या नासिर खुस्रो या इराणी प्रवाशाने लिहून ठेवले आहे, की इथे प्रत्येक पाहुण्याला भाकरी, तेलातली मसुरीची आमटी आणि मनुका मिळतात. मी गेलो तेव्हा भरडलेल्या गव्हाची पेज शिजत होती. डबे घेऊन पोरे उभी होती; पैसा कुणाकडून घेत नव्हते. दारी आलेल्या अनोळखी पाहुण्यांपुढे इब्राहिमाने भाजलेले वासरू ठेवले, ही कथा बायबलातही आहे आणि कुराणातही. तुम्ही कोण, कुठले, हे आधी विचारल्याचे दोन्हींत नाही.